सारांश नसेल तर वगळ

"कंस उघड," भरतेश म्हणाला.

"उघडला."

"अवतरण चिन्ह दे. एकेरी."

"दिलं."

"आता मी अक्षरं सांगतो, तेवढीच टाइप कर. मधे तुझं शहाणपण नको."

हा टोमणा मला उगीच बसला नव्हता. आदल्या दिवशी मी त्याच्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम देऊन ठेवला होता. हायस्कूलच्या पोरांना वर्षानुवर्षं मराठी शिकवलेली बाई मी. पूर्णविराम नसलेली ओळ दिसली की माझा हात आपोआप तिकडं जातो. प्रोग्रॅम अर्थातच चालला नाही, पडदाभर लाल अक्षरं आली. भरतेश इतका हसला की त्याला ठसका लागला. मी धावत जाऊन त्याची मान पुढं वाकवली, आत्ती पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या, आणि त्या हसण्याचं पुढं काय झालं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या वर्षी आमच्या घरात ठसक्याला सगळे फार भ्यायचे.

भरतेशला झालेल्या आजारात हातापायांना हुकूम सोडणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असताना एका सकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येईना, तिथून सुरुवात झाली. डॉक्टरांनी दोन ते चार वर्षं सांगितली, आणि यावर औषध नाही हेही सांगितलं. मग आम्ही सांगलीला घरी आलो. मला इथल्या शाळेत नोकरी मिळाली. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे आधीच गेलेले, आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही तिघंच.

दुसरा कुणी असता तर बुवा-महाराजांकडं गेला असता. भरतेशनं प्रोग्रॅम लिहिला. जगात या आजारावर जे संशोधन छापून येतं, त्याची नोंद दोन-तीन मोठ्या डेटाबेसमध्ये होते. तिथं रोज हातानं शोधत बसायला नको, म्हणून त्यानं एक तयार लायब्ररी घेतली. लायब्ररी म्हटल्यावर मला कपाटं आणि पंखे दिसायला लागले.

"तसलं नव्हे गं," तो म्हणाला. "कुणीतरी आधी लिहून फुकट वाटलेला कोड. समज, रेकॉर्डरूमचा शिपाई आहे. आपण त्याला चिठ्ठी द्यायची. हा आजार, कालपासून आजपर्यंत, माणसांवर केलेला प्रयोग. तो आत जाणार आणि चिठ्ठीत बसेल तेवढंच आणणार. चिठ्ठीत नाही ते पायाखाली आलं तरी उचलणार नाही."

"म्हणजे आमच्या शाळेतल्या शिपायासारखाच."

"तुमचा शिपाई चिठ्ठीतलं तरी आणतो का?"

रोज सकाळी अंघोळ आणि खाणं आटोपलं की शिपाई आत जायचा आणि हात हलवत परत यायचा. पडद्यावर एक आकडा उमटायचा. शून्य. कधी चिठ्ठी थोडी सैल केली की उंदरांवरचे लेख यायचे. "उंदरांचं बरं चाललंय," असं म्हणून भरतेश लॅपटॉप मिटायचा. आधी तो स्वतः मिटायचा, मग मी मिटायला लागले.

एकदा त्यानं चिठ्ठीतली तारीख काढून मागचं जुनंही मागवलं, त्यात तो लेख सापडला, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. तेव्हा त्याची बोटं थोडीफार चालत होती. मी शाळेतून आले तर आत्ती फाटकातच उभ्या.

"पद्मा, औषध निघालंय! भरतनं शोधून काढलंय!"

आत भरतेश खुर्चीत ताठ बसला होता. परदेशातल्या कुठल्याशा इस्पितळात, दुसऱ्याच दुखण्यावरचं एक जुनं औषध या रुग्णांना देऊन बघितलं होतं. बहुतेकांचा आजार होता तिथं थांबला. काहींच्या मुठीत जोर परत आला. लेखाच्या सुरुवातीला दहा-बारा ओळींत सगळ्याचा सारांश देतात. तो त्यानं मला मराठी करून वाचून दाखवला, आणि 'मुठीत जोर' म्हणताना त्याचा आवाज कापला. मी त्याचा हात धरून नुसती बसून राहिले. मला आनंद झाला होता, पण तो सोसवत नव्हता.

आत्तींनी त्या संध्याकाळी पुरणपोळ्या केल्या. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळं त्यांची कोण धांदल उडाली. निदान झाल्यापासून त्या एका वेळच्या जेवणावर आल्या होत्या, विचारलं की "भूक न्हाई" म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, तुपाची वाटी पुढं ओढून.

मिरजेच्या डॉ. सबनीसांना आम्ही लेख दाखवला. त्या सरळ बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, "एका लेखावर मी भरवसा देणार नाही. पण औषध जुनं आहे, माहितीतलं आहे. घ्यायचं तर घ्या, मी रक्त तपासत राहीन."

औषध कॅप्सूलमध्ये यायचं, आणि तिथं अडलं. कॅप्सूलचं टरफल जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, असं आत्तींना बसदीत, म्हणजे आमच्या मंदिरात, कुणीतरी सांगितलं. आम्ही जैन. लसूणसुद्धा घरात येत नाही, तिथं हे कुठलं चालायला! आत्तींनी वाद घातला नाही. सकाळी आणि संध्याकाळी त्या स्वतः कॅप्सूल उघडायच्या, आतली पांढरी पूड चमचाभर सायीत कालवायच्या आणि टरफल केरात टाकायच्या. पूड महाकडू. टरफलासकट गिळली असती तर जिभेला पत्ताही लागला नसता. भरतेशचं तोंड वाकडं व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं.

"णमोकार म्हण मनात आणि गिळ," आत्ती म्हणायच्या. तो गिळायचा. मग चमच्याला राहिलेली साय त्या बोटानं निपटून स्वतःच्या तोंडात घालायच्या आणि त्यांचंही तोंड तसंच वाकडं व्हायचं.

"अहो आत्ती, तुम्ही कशाला खाताय ते?" मी एकदा म्हटलं.

"असू दे. त्याच्यातलं तेवढंच मला."

नव्या वर्षात त्याची बोटं पार थांबली. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि त्याचे हात झाले. अशी मी कंस, अवतरणं आणि परक्या अक्षरांच्या राज्यात शिरले. त्याच सुमाराला एकदा तो म्हणाला, "पद्मे, अंगठ्यात जोर आल्यासारखा वाटतोय."

आत्तींनी अंगठ्याकडं बघून हात जोडले. मीही बघितलं. मला काही हललेलं दिसलं नाही; पण हात ज्याचा त्याला कळणार, मी कोण?

त्या दिवशी, म्हणजे पूर्णविरामांच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं सांगितलेली अक्षरं टाइप करून मी वरपासून सगळं वाचत खाली आले. आता काही काही ओळी मला कळायला लागल्या होत्या. एकीवर अडले.

"ही काय म्हणते रे?"

"सारांश नसेल तर वगळ."

"का?"

"सारांश नाही म्हणजे लेख नव्हेच तो. संपादकाला पत्रं, दुरुस्त्या, कुणी शास्त्रज्ञ वारला त्याची श्रद्धांजली. कचरा सगळा. शोधणारे सगळेच गाळतात."

"श्रद्धांजलीत काय वाईट असतं? माणसाबद्दल चार शब्द चांगले असतात."

"ऱ्हाऊ दे. त्या ओळीला हात लावू नकोस." हे तो जरा जोरात म्हणाला. मग हसून म्हणाला, "तुझा काय नेम, तिला पण पूर्णविराम देशील."

उन्हाळा गेला. पाय आधीच गेले होते, मग पाठ गेली, मग बोलणं. म्हणजे बोलायचा, पण शब्द तोंडातच विरघळायचे. बाहेरच्या माणसाला नुसती घरघर ऐकू यायची. आत्तींना निम्मं कळायचं. मला सगळं कळायचं, आणि याचा मला तेव्हा एक वेडा अभिमान होता. झोपताना त्याला श्वासाचं मशीन लावावं लागायला लागलं. तरी घरात चर्चा एकच, औषधाला वेळ लागतो. "औषध नसतं तर या वेळेपर्यंत काय झालं असतं," असं आत्ती बोलायच्या आणि मी मान हलवायचे. मी खरंच तसं समजत होते. तो उतरत चाललेला मला दिसत होता, दिसलेलं मी त्या लेखाखाली झाकून ठेवत होते.

भाद्रपदात त्याला उलट्या सुरू झाल्या. डोळे पिवळट दिसायला लागले. डॉ. सबनीस घरी आल्या, रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता.

"लिव्हरला सूज आहे," त्या म्हणाल्या. "या औषधानंच. माझं मत बंद करा असं आहे. पण तुम्हाला गुण वाटत असेल, तर निर्णय तुमचा."

"बंद कशाला?" आत्ती एकदम पुढं आल्या. "गुण यायलाय की! अंगठा हलतोय त्याचा. होय की न्हाई रे भरत?"

भरतेशनं आईकडं बघितलं. मग मला म्हणाला, "सांग त्यांना. चालू ठेवायचं."

मी डॉक्टरांना मराठीतून मराठीत भाषांतर करून सांगितलं. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि बॅग उचलली. फाटकापाशी मला म्हणाल्या, "बाई, निदान कमी तरी करा. किती सोसतं ते बघा."

किती सोसतं, हे कुणीतरी कुठंतरी लिहिलं असणारच. दुसऱ्या दिवशी दुपारी भरतेश मशीन लावून झोपला होता, आत्ती बसदीत. दशलक्षण पर्व चालू होतं, त्यांचे उपास होते; चमच्याची साय तेवढी त्या उपासात धरत नसत. मी लॅपटॉप घेऊन जेवणघरात बसले. त्याच्या प्रोग्रॅमला हात लावायचं धाडस नव्हतं. मोडला तर दुरुस्त करायला त्याला उठवावं लागलं असतं. म्हणून मी नव्या पानावर माझा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. छोटासाच. लायब्ररीला हाक मारली, चिठ्ठीत औषधाचं नाव, आजाराचं नाव आणि त्या लेखाच्या पहिल्या लेखकाचं आडनाव घातलं. जे मला कळत होतं तेवढंच लिहिलं. जे कळत नव्हतं, ते गाळलं. आणि तो पहिल्या फटक्यात चालला! मला इतका आनंद झाला की भरतेशला उठवून दाखवावं असं वाटलं. काय म्हणेल, कुठं कुठं हसेल, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

शिपायानं एक नोंद आणली ती आपल्या लेखाची. त्याखाली आणखी एक होती, ती मी कधी बघितली नव्हती. नाव तेच, लेखक तेच. फक्त नावाच्या आधी दोन शब्द जास्त. लेख मागे घेत असल्याची सूचना. खाली सारांश नव्हता. मोजून दोन वाक्यं होती. चौकशीत लेखकांना रुग्णांच्या नोंदी दाखवता आल्या नाहीत, आकडे विश्वासार्ह नाहीत. सबब हा लेख प्रसिद्ध झालाच नाही असं समजावं.

तारीख बघितली. भरतेशला तो लेख सापडला, त्याच्या आधीची होती.

मी ती दोन वाक्यं परत परत वाचली. माझं इंग्रजी काही फार चांगलं नाही, म्हणून मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. ते रुग्ण नव्हतेच. कुणाचा आजार थांबला नव्हता. कुणाच्या मुठीत जोर आला नव्हता. आणि त्या न आलेल्या जोरापायी माझा नवरा रोज दोनदा विष खात होता, आणि त्याची म्हातारी आई ते त्याला सायीत कालवून देत होती.

संध्याकाळी आत्ती आल्या. कॅप्सूल उघडली, पूड कालवली, भरवली. भरतेशनं तोंड वाकडं केलं. आत्तींनी चमचा निपटला. मी दाराला टेकून बघत उभी राहिले. तोंड उघडलं तर त्याच्याकडचं होतं नव्हतं ते काढून घेतल्यासारखं होईल, आणि गप्प बसले तर लिव्हर जाईल. आधीच मरायला टाकलेल्या माणसाच्या हातातून त्याची काठी ओढायची कशी? त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी मी गप्प बसले. सकाळच्या पुडीनंतर त्यानं सगळं ओकून टाकलं, हिरवंपिवळं. तेव्हा मी ठरवलं.

दुपारी आत्ती बसदीत गेल्या. मी त्याचं तोंड पुसलं, उशी नीट केली आणि खाटेशेजारी बसले.

"भरत, एक सांगायचंय."

"सांग की. चेहरा असा करून बसलीयास, शाळेनं काढलं काय?"

"औषधाचा तो लेख... तो त्यांनी मागं घेतलाय. आकडे खोटे होते. सगळंच खोटं होतं, भरत. ते औषध नाहीये. आजपासून बंद करायचं."

मला वाटलं होतं तो विचारेल, कुणी सांगितलं? म्हणेल, परत बघ, नीट बघ. त्याचं डोकं उशीवर तसंच राहिलं. नजर आढ्याकडं. 

"ती ओळ काढलीस?" त्यानं विचारलं.

"कुठली?"

"सारांशाची."

"तुझ्याला मी हात लावला नाही. माझं मी नवीन लिहिलं. त्यात ती ओळ घालायचं मला..."

आणि मी थांबले. लेख खोटा निघाला असं मी सांगत होते, आणि हा ओळीचं विचारत होता.

"असल्या सूचनेला सारांश नसतो," तो म्हणाला. "म्हणून ती ओळ घातली. ती घातली की सूचना येत नाही."

"कधी घातलीस?"

"पुरणपोळ्या झाल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या औषधावरचं सगळं गोळा करायला बसलो. त्यात ती आली." त्याला दम लागला, तो थांबला, परत बोलायला लागला. "पुढं तूच टाइप करणार हे दिसत होतं. तुझ्या नजरेला पडली असती. एका बोटानं लिहिली. माझ्या हातची शेवटची ओळ ती."

"आणि पूड? तुला माहीत होतं आणि तू ती खाल्लीस? इतके महिने? ते कडू जहर..."

"आई जेवायला लागली होती."

मला तुपाची वाटी पुढं ओढणाऱ्या आत्ती आठवल्या.

"आणि तू गात होतीस," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी. भांडी घासताना. तुला माहीत पण नसेल."

"अंगठा?"

"अंगठा कधीच हलला नाही, पद्मे."

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. इतका राग मला त्याच्यावर आमच्या लग्नानंतर एकदाही आला नव्हता. मी त्याचा हात धरून बसत होते, त्याची अक्षरं टाइप करत होते, त्याची घरघरसुद्धा मला एकटीला कळते म्हणून मिरवत होते. आणि तो सगळा वेळ तिथं एकटा होता. मी आशेच्या आत, तो बाहेर, आणि मध्ये त्यानं स्वतःच्या बोटानं घातलेली एक ओळ.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले. घरात कुणी नव्हतं, म्हणून ओरडता आलं. "मी कोण आहे तुझी?"

"तू तरी कितीदा सांगायचं टाळलंस?" तो म्हणाला.

मग मला रडू आलं. त्याचा हात डोळ्यांना लावून रडले. त्याला तो हात उचलता येत नव्हता, मला थोपटता येत नव्हतं. मीच तो हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तो घसरायला लागला की परत ठेवत राहिले.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "लॅपटॉप घे. नवीन चिठ्ठी द्यायची."

"आता कशाला?"

"घे की. आणि ती ओळ काढ. आता सगळं येऊ दे."

मी त्याचा प्रोग्रॅम उघडला, त्या ओळीपाशी गेले. एका बोटानं लिहिलेली ती ओळ इतरांसारखीच दिसत होती. मला ती पुसवेना.

"पुसू नको मग," तो म्हणाला. त्याला माझं न बोललेलंही कळायचं. "पुढं ती चौकटीची खूण दे. मग ओळ दिसते, पण चालत नाही. माझ्यासारखी."

मी खूण दिली. ओळ करडी झाली.

"आता कंस उघड," भरतेश म्हणाला.

"उघडला."

"अवतरण चिन्ह. एकेरी."

"दिलं."

तो अक्षरं सांगत गेला, मी टाइप करत गेले. एकेका अक्षरासाठी त्याला दम घ्यावा लागत होता. अक्षरं टाइप करताना मी शब्दाकडं बघत नसे, हे काम मी यंत्रासारखं करायला शिकले होते. कंस बंद झाल्यावर वर बघितलं. आजाराचं नाव तेच होतं. त्यापुढं लिहिलं होतं: शेवटचा टप्पा. त्यापुढं: श्वास अडकणे. त्यापुढं: घरी काळजी घेणारे.

घरी काळजी घेणारे म्हणजे मी.

"चालव," तो म्हणाला.

मी बोट ठेवलं पण दाबवेना. या घरात 'शेवटचा' हा शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनी वर्षं मोजून दिली होती, पण हा शब्द त्यांनीही टाळला होता. आणि तो मी माझ्या हातानं लिहून बसले होते.

"पद्मे. चालव. मला बोलता येतंय तोवर ठरवायचंय सगळं."

मी दाबलं. आकडा आला. मी बघत राहिले.

"किती?"

"आहेत."

"किती, सांग की."

"हजारांत आहेत, भरत."

त्यानं डोळे मिटले. ओठांचा एक कोपरा तेवढा त्याच्या ताब्यात राहिला होता, तो हसला. "बघ," तो म्हणाला. "एवढे दिवस शून्य का यायचं? आपण चुकीचं विचारत होतो."

मी पहिला लेख उघडला. त्याला सारांश होता. तो मी त्याला मराठी करून वाचून दाखवायला लागले. श्वास अडकतो तेव्हा माणसाला कुठल्या कुशीवर वळवावं, खोली कशी ठेवावी, घरच्यांनी काय बोलावं. तो मधेमधे "परत वाच" म्हणायचा. पुढं रोज सकाळी आम्ही हेच करत राहिलो, तो माघात जाईपर्यंत. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या हजारांतले जितके वाचून झाले, ते सगळे उपयोगी पडले.

त्या दिवशी वाचता वाचता त्याला झोप लागली. झोपेत शिरताना एवढंच म्हणाला, "आईला यातलं काही नको."

"नाही," मी म्हटलं. "पण पूड बंद."

"मग तिला दुसरं काहीतरी घालून दे. तोंड मी वाकडं करतो."

मी मशीन लावलं आणि स्वयंपाकघरात गेले. डबीतल्या कॅप्सूल एकेक करून उघडल्या, कडू पूड मोरीत सोडली आणि टरफलांत तांदळाची पिठी भरली. पांढऱ्यात पांढरं, कुणाला ओळखू येणार नाही असं.  आत्ती येईपर्यंत डबी जागच्या जागी होती.

दिवस कलायला लागल्यावर आत्ती आल्या. हातपाय धुऊन त्यांनी डबी घेतली, कॅप्सूल उघडली, टरफल केरात टाकलं, पूड सायीत कालवली आणि चमचा घेऊन खाटेपाशी बसल्या.

"णमोकार म्हण मनात आणि गिळ."

भरतेशनं गिळलं. आणि त्यानं तोंड असं काही वाकडं केलं, डोळे असे मिटून घेतले, की क्षणभर मलाच वाटलं, माझ्या हातून एखादी जुनीच राहून गेली की काय.

"लई कडू?" आत्तींनी विचारलं.

"लई," तो म्हणाला. हा शब्द आत्तींनाही कळला.

मग आत्तींनी रोजच्यासारखं चमच्याला बोट लावलं, राहिलेली साय निपटली आणि तोंडात घातली.

मी दारातच थिजले. सगळा विचार केला होता, हे एक विसरले होते. त्याच्यातलं तेवढंच मला, म्हणून त्या इतके महिने रोज दोनदा ते जहर चाखत होत्या. घरात त्या पुडीची चव त्याच्याइतकी कुणाला माहीत असेल तर त्यांनाच.

आत्तींचं बोट ओठांवरच राहिलं. त्यांनी भरतेशकडं बघितलं. तो डोळे मिटून अजून कडूपणा गिळत होता. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.  उपासानं सुकलेलं त्यांचं तोंड हळूहळू रोजच्यासारखं वाकडं झालं.

"कडूच आहे बाई," आत्ती म्हणाल्या, आणि चमचा धुवायला आत गेल्या.